नुकसानीचा तक्ता

अक्षर बरं म्हणून मला बसवलं टेबलाशी.
शाळेच्या ओसरीत, पाठीशी फुटका फळा,
तीन दिवस मी यादी लिहिली:
नाव, बापाचं नाव, काय गेलं, किती गेलं, अंगठा.

नळी फुटून तेव्हा अकरा आठवडे झाले होते.
खाडीवर तवंग होताच.
ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांवर
काळी रेघ उघडी पडायची, माणसाच्या कमरेएवढी उंच.
चिखलातले निवटे दिसेनासे झालेले,
तरी पोरं सवयीने
मुठीत खडे घेऊन काठावर बसत.

ओपुबो म्हणाला, होड्या दोन.
एकच होती, मला ठाऊक होतं.
पण तिच्यावर दोन घरं जेवत होती,
म्हणून मी लिहिलं, दोन.
डाबोताने कालवांच्या टोपल्या सांगितल्या, चौदा.
रडली वगैरे नाही.
हात पुढे करून म्हणाली, वास घे.
घेतला.
त्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी, कागद गुंडाळताना, इबिसिकी आली.
मासे धुरावून विकणारी, कोपरापर्यंत काजळलेली.
म्हणाली, माझी रात्र गेली. लिही.

कधीपासून?

ती आग लावली तेव्हापासून.
तेल जातं नळीतून बंदराकडे,
आपल्या हाती हे धुपाटणं, न विझणारं.
माझा धाकटा एकोणीस वर्षांचा झाला,
त्याला अंधार ठाऊक नाही.
कोंबडा वाट्टेल तेव्हा आरवतो. मीही
वाट्टेल तेव्हा उठते, चूल पेटवते,
मग कळतं, अजून निजायचं होतं.
किती लिहू म्हणतोस? सगळ्या लिही.

मी खाली मान घालून लिहिलं: जाळं, एक.

लिहिलंस?
लिहिलं.

तिने अंगठा हळू टेकवला,
तान्ह्याच्या टाळूवर तेल ठेवावं तसा.

यादी शहरात गेली आणि टंकलिखित होऊन परतली.
गावप्रमुख इगोनीबोच्या मुलाच्या सात होड्या बुडाल्या होत्या,
तो तर परदेशात शिकत होता, पाण्याला घाबरायचा.
ओपुबोची एकही नाही. डाबोता नाही.
इबिसिकीचं ते एक जाळंसुद्धा नाही.
आणि पान चारवर माझा बाप.
नळी टाकायच्या आधीच बुडून मेलेला माझा बाप,
तीन होड्या, एक यंत्र, आणि खाली अंगठा.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

पाकीट द्यायला समितीचा माणूस घरी आला.
पाणी प्यायला, बाटलीतलं, स्वतः आणलेलं.
म्हणाला, तुझं अक्षर चांगलं आहे.
तोंडही तसंच चांगलं ठेव.

मी छपरावर पत्रे घातले.
पहिल्या वर्षी चकाकले. शेजारी बघायला आले,
बघून काही न बोलता गेले.
इथला पाऊस धुराचा, त्याने चौथ्या वर्षी
पत्र्यांची चाळण केली.
आता आगीचा उजेड भोकांतून अंथरुणावर पडतो.
माझी मुलगी त्या ठिपक्यांना चांदण्या म्हणते.
कुठून ऐकला हा शब्द, कोण जाणे.
बायको भोकांखाली भांडी मांडते, पावसात.
उजेडाखाली काय मांडणार?

इबिसिकी बाजारात भेटते अजून.
मासे आता बाहेरून येतात, बर्फातले, खोक्यातून,
ती तेच धुरावते.
मला एक जास्त देते, आणि दर वेळी विचारते,
माझ्या रात्रीचं काय झालं?

मी म्हणतो, कागद वर गेलाय.

ती वर बघते.